जिन्यातले दिवे

कोकणातून धायरीला मुलाकडे राहायला आलेल्या एक आजी रोज संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या जिन्यातले दिवे बंद करायच्या. लोक अंधारात ठेचकाळायचे. शेवटी मीच विचारायला गेलो.

"आजी, दिवे का हो घालवता?"

"आमच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं निघाली की सगळं गाव दिवे घालवतं. नाहीतर ती समुद्र सोडून उजेडाकडे येतात नि मरतात."

"पण इथे कुठली कासवं?"

"ठाऊक आहे हो. हात आपसूक जातो." ओशाळून त्यांनी दिवा लावला आणि हळूच विचारलं, "इथून समुद्र कुठल्या बाजूला?"

सगळा जन्म पुण्यात गेला माझा, तरी मी गोंधळलो. आधी खिडकीकडे बोट दाखवलं, मग लिफ्टकडे. आजींनी दोन्हीकडे नीट पाहिलं.