ग्रीक वाडगा आणि ह्यांचं नाक

निवृत्तीनंतर आम्ही दोघं मुलाकडे परदेशी गेलो होतो. तिथल्या संग्रहालयात प्राचीन ग्रीसमधला एक वाडगा पाहिला. काळाभोर, तुळतुळीत, अंगावर उठावाची द्राक्षाची पानं आणि मध्ये एका दाढीवाल्याचा चेहरा. बुडाशी दोन बोटांएवढी जागा काळी व्हायची राहून गेली होती. झिलईत बुडवताना कुंभारानं तिथंच धरला असणार. माझा पाय निघेना. हे म्हणाले, "चला आता. विकायला नाहीये तो."

पुण्याला परतल्यावर सदाशिव पेठेत घराजवळच मातीकामाचा वर्ग सापडला. शिकवणारी माझ्या लेकीच्या वयाची. मला तसाच वाडगा करायचाय, असं मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "मग आधी साचा करू," ती म्हणाली. साच्याच्या आतून नक्षी कोरायची आणि त्यात माती दाबायची, म्हणजे वाडग्यावर ती उठून येते.

पानं जमली. चेहऱ्यासाठी दुपारी झोपलेल्या ह्यांना समोर ठेवलं आणि साच्यात मन लावून नाक केलं, चांगलं उंच. वाडगा बाहेर निघाला तेव्हा नाकाच्या जागी खड्डा.

ह्यांनी चष्मा लावून पाहिलं. "हा मी?"

"हो."

"बरंय. सर्दीची कटकट मिटली."

दुसऱ्या साच्यात नाक खोल कोरलं. मग भाजायची वेळ आली. शिकवणाऱ्या बाईंनी समजावलं, ती झिलईसुद्धा बारीक गाळलेली लाल मातीच. भट्टीत हवा कोंडली की सगळंच काळं पडतं. पुन्हा हवा दिली की बाकीची माती लाल होते, झिलई मात्र काळीच राहते. हे ऐकून आमचे हे, जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेले, ताठ बसले.

भट्टी गावाबाहेर, बाईंच्या शेतावर होती. हे नाकाला रुमाल बांधून तिथंच उभे. "अजून उघडू नका," म्हणून आम्हाला दटावत होते.

दुसऱ्या दिवशी वाडगा काढला. एक बाजू लखलखीत काळी, दुसरी विटेसारखी. नाक मात्र शाबूत.

"कुठंतरी फट राहिली," हे म्हणाले. चेहरा नुसता फुलला होता. "पुढची भट्टी कधी?"

"काका, भट्टी फक्त विद्यार्थ्यांसाठी असते."

सोमवारी हे नवा एप्रन घालून माझ्याआधी वर्गात हजर. त्यांना अजून साधी पणती जमत नाही, पण भट्टीजवळ ते कुणाला फिरकू देत नाहीत.