आधी दोन्ही पोटऱ्या

माझ्या धाकट्या बहिणीला सगळी गल्ली ‘रंधा’ म्हणते, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. एकदा माझी कंबर धरली, तेव्हा तिनं मला पालथं घालून असं काही घासलं, की उठल्यावर मी खाली भुसा पडलाय का ते पाहिलं. पण हा दांडगेपणा आम्हा निरुपयोगी पुरुषांसाठी. दिवस गेलेल्या बाईला ती कुशीवर निजवते, गुडघ्यांत एक उशी, पोटाखाली एक, पाठीला एक, आणि मग इतक्या हलक्या हातानं कंबर-खांदे चोळते की बघणाऱ्यालाच जांभई यावी. पोटाला मात्र हात लावत नाही. एखादी सासू म्हणालीच, “जरा पोटावरूनही फिरवा,” की रंधा सांगते, “आतल्यानं बोलावलं की येईन. अजून निरोप नाही.”

तिची एक खोड आहे. तेलाची बाटली उघडण्याआधी ती हाताची पाठ एका पोटरीला लावते, मग दुसरीला, डोळे मिटून. मी एकदा विचारलं, “काय गं, रेडिओ लागतो का?”

“लागतो,” ती म्हणाली, “तुझ्या पोटरीवर नुसती खरखर येते.”

मग खरं कारण सांगितलं. पोटुशी किंवा बाळंत बाईचा एकच पाय जास्त गरम, जाड वाटला तर चोळायचा नाही, डॉक्टरकडे धाडायचं. तिला हे काम शिकवणाऱ्या म्हातारीनं हे कान पिळून शिकवलं होतं.

आता माझी भाची, म्हणजे रंध्याची एकुलती एक लेक, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. लहानपणी तिच्या प्रत्येक वहीवर आईच्या बोटांचे तेलकट डाग असायचे आणि वर्गात पोरं वही हुंगायची. तो राग तिनं जपून ठेवला होता. दिवस गेल्यावर तिनं बजावलं, “आई, मला तू मालीश करायचं नाही. आणि हाताची पाठ म्हणजे थर्मामीटर नव्हे.” बाईसाहेब मंद संगीत लावणाऱ्या ठिकाणी जाऊन पाठीवरून पीस फिरवून घेत. रंध्यानं उभ्या गल्लीच्या बाळंतिणी चोळल्या, आणि पोटच्या पोरीला हात लावायची चोरी. लेकीच्या घरी गेली की सोफ्याचा हात दाबत बसायची. त्या सोफ्याचं दुखणं तेवढं पार गेलं.

मुलगी झाली. दहाव्या दिवशी मी बाळ बघायला गेलो होतो. जावई एका हातात लंगोट धरून तो उलटा की सुलटा यावर विचार करत होता. तेवढ्यात भाची पलंगावरून म्हणाली, “आई, पोटरीत गोळा आल्यासारखं झालंय. जरा दाबून दे ना.”

बहिणीचा चेहरा असा उजळला की लाजून मीच खिडकीबाहेर पाहिलं. तिनं बाह्या सरसावल्या, बाटली घेतली. मग सवयीनं हाताची पाठ लावली. डावी पोटरी, उजवी, पुन्हा डावी. बाटली तशीच खाली ठेवली.

“दाबणार नाही.”

“नऊ महिने नको म्हटलं त्याचं उट्टं काढतेस?”

“तसं समज. चप्पल घाल, दवाखान्यात चल.”

“मला झोप हवीय, दवाखाना नको.”

मी शहाणपणा केला. “अगं, पोरगी पहिल्यांदा मागतेय, दे थोडं दाबून.”

“दादा, तुझी पोटरी कुणी विचारली नाही.” मग लेकीला म्हणाली, “माझ्या हातावर विश्वास नाही ना? शिवणाची टेप घे आणि तूच मोज.”

भाचीनं मोजलं. पुन्हा मोजलं. मोजण्यात चूक असेल म्हणून तिसऱ्यांदा मोजलं. डावी पोटरी तीन सेंटीमीटर जास्त. मग चप्पल शोधू लागली.

शिरेत गाठ झाली होती, रक्ताची. डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं, “कुणी चोळलं नाही ना?” गाठ सुटून फुप्फुसाकडे गेली असती तर जिवावर बेतलं असतं, म्हणाल्या. इंजेक्शनं सुरू झाली, आणि त्या सांगेपर्यंत मालीश बंद. म्हणजे रंध्याच्या वाट्याला पुन्हा सोफ्याचा हात.

तीन महिन्यांनी परवानगी मिळाली. भाची पलंगावर आडवी पडली, शेजारी तिच्या टिपणांचे कागद पसरलेले. आईनं हाताची पाठ लावली तशी म्हणाली, “काय म्हणतोय थर्मामीटर?”

“गप पड,” आई म्हणाली आणि बाटली उघडली.

चार मिनिटांत आमची प्राध्यापिका तोंड उघडं टाकून घोरू लागली. रंधा त्या घोरण्याकडे बघत राहिली आणि बाटली कलंडून एका कागदावर भलामोठा डाग पसरला. तिनं दचकून पदरानं पुसायला घेतलं. पलंग हलला, भाची जागी झाली. आईचा चेहरा चोरी पकडलेल्या शाळकरी पोरीसारखा.

भाचीनं कागद उचलून खिडकीकडे धरला. “राहू दे. बघ, तेल लागलं की पलीकडचा उजेड दिसतो. पुढच्या आठवड्यात पोरांना हेच शिकवायचंय.”

कागद बाजूला ठेवला आणि दुसरा पाय पुढे केला.