दुसऱ्या फेरीला मी थांबले

शालू, मी गाव सोडलं त्या दिवशी ग्रामपंचायतीचं मतदान होतं, आठवतं का तुला? बॅगा जीपमध्ये चढवून झाल्या होत्या, तू बाटलीत पाणी भरत होतीस, आणि भाऊजी दारात आडवे उभे. "वहिनी, आधी छत्रीवर शिक्का, मग कॅनडा." नितीन घड्याळ दाखवत होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, पण तुझ्या नवऱ्यापुढे कुणाचं चाललंय का आजवर? मी शाळेत गेले. कागदावर भाऊजींच्या पॅनेलची छत्री होती आणि कपबशी होती. कपबशी म्हणजे आपली हौसाक्का. बायकांसाठी संडास बांधा म्हणून पंचायतीच्या पायरीवर दिवसभर बसून राहिलेली. त्या संडासाची गरज आपल्यालाही होतीच. तरी मी छत्रीवर शिक्का मारला आणि बोटाला शाई घेऊन विमानात बसले.

पुढे तूच पत्रात कळवलंस की हौसाक्का सात मतांनी पडली. आपल्या एकट्या घरात आठ मतं. तू त्यावर काही लिहिलं नव्हतंस, मीही नाही. माझे वडील म्हणायचे, हात वर करायची वेळ आली की आधी डावीउजवीकडे बघावं. मी जन्मभर तेच केलं. नितीनचे बाबा होते तोवर त्यांच्याकडे बघितलं, ते गेल्यावर भाऊजींकडे.

इथे मिल्टनला आल्यावर डावीउजवीकडे बघायलाही कुणी नव्हतं. नवीन कॉलनी, सगळी घरं एकाच साच्यातली. पहिल्या महिन्यात मी दोनदा दुसऱ्याच्या ड्राइव्हवेत शिरले. नितीन आणि सूनबाई पल्लवी सकाळी ट्रेन पकडून टोरोंटोला जातात. नात रिया शाळेतून येते, मी मराठीत विचारते आणि ती इंग्रजीत उत्तर देते. दुकान चालत जायच्या अंतरावर नाही. आमच्या बाजूला बस नाही. ग्रोसरी हवी तर शनिवारची वाट बघायची, देवळात जायचं तर रविवारची. गावात निदान मी पाण्याच्या निमित्ताने बाहेर पडत होते. इथे पाणी घरात, आणि मीही घरात.

यातून मला बाहेर काढलं ते शीलाबाईंनी. या मूळच्या गयानाच्या. नाव आपलं, पण बोलतात फक्त इंग्रजी आणि चार शब्द मोडकं हिंदी. पूर्वी नर्स होत्या. कम्युनिटी सेंटरमध्ये म्हाताऱ्यांचा व्यायामाचा वर्ग घेतात आणि बर्फ असला तर स्वतःच्या व्हॅनमधून आम्हाला घ्यायला येतात. रिया मला आजी म्हणते हे ऐकून त्याही आजीच म्हणायला लागल्या. एकदा आमच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी मला विचारलं, "आजी, तुमको क्या चाहिए?" शालू, मला इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मी खिडकीतून रिकाम्या रस्त्याकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "बस." त्यांनी वहीत लिहून घेतलं.

मग त्या विधानसभेच्या जागेसाठी उभ्या राहिल्या. इथली रीत वेगळी आहे. कुणाला उभं करायचं हे वरून ठरत नाही. पक्षाचे जे मेंबर असतील ते आधी आपसांत मतदान करून आपला एक उमेदवार निवडतात, मग खरी निवडणूक. आणि मेंबर व्हायला सिटिझन असावं लागत नाही. एवढं कळल्यावर जो तो आपापल्या माणसांचे फॉर्म भरत सुटला. इथल्या मराठी मंडळाचे इनामदार साहेब घरी आले. एरवी गणपतीला ते मला ओळखत नाहीत. त्या दिवशी वाकून नमस्कार केला. "काकू, आपला माणूस उभा आहे. आता आपली ताकद दाखवायची." आपला माणूस म्हणजे घरं विकणारा एक एजंट. त्याने आमच्याच गल्लीतली तीन घरं विकली आहेत. त्याने मला कधी काही विचारलेलं नाही.

नितीनने माझा फॉर्म भरला, मी सही केली. मी हळूच म्हटलं, "शीलाबाई पण उभ्या आहेत ना?"

"आई, तुला यातलं कळत नाही. पहिलं नाव आहे ना, त्याच्यापुढे फुली मारायची. खाली वाचायचंच नाही."

एवढे शिकलेले लोक, दोन दोन डिग्र्या, आणि बोलणं भाऊजींचंच. फक्त इथे छत्री नव्हती.

मतदान एका शाळेच्या जिममध्ये होतं. मंडळाने म्हाताऱ्यांसाठी खास बस केली होती. माझ्या दाराशी आजवर आलेली ती एकमेव बस. आत समोसे, चहा, सगळ्यांच्या गळ्यात एजंटच्या नावाच्या पट्ट्या. टेबलावरच्या मुलीने माझं कार्ड बघितलं, कागद दिला, आणि मी सवयीने डाव्या हाताचं बोट तिच्यापुढे धरलं. तिला काही कळेना. शेवटी तिने ते बोट हातात घेऊन हलवलं आणि "थँक यू" म्हणाली. मागे इनामदार साहेब हसले. "काकू, इथे शाई नसते, इथे विश्वास असतो." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

पडद्यामागे गेले. तीन नावं होती. रियाच्या पुस्तकावरून मला एस ओळखता येतो. शीलाबाईंचं नाव सगळ्यात खाली होतं. मी ते बघितलं, पेन्सिल तिथवर नेली, आणि फुली मारली पहिल्या नावापुढे. कुणी बघत नव्हतं, शालू. समुद्र ओलांडून आले तरी माझा हात छत्रीवरच गेला. स्वतःचाच इतका राग मला कधी आला नव्हता.

आता एक गंमत अशी की अर्ध्याहून जास्त मतं कुणालाच पडली नाहीत. मुलांना हॉकी शिकवणारा एक गोरा माणूस तिसरा आला, तो बाद झाला. आता एजंट आणि शीलाबाई, पुन्हा मतदान. हे कुणी म्हाताऱ्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटलं, मत दिलं, समोसा खाल्ला, झालं. बाहेर बर्फ सुरू झाला होता. बसवाला निघायची घाई करत होता. इनामदार साहेब दारात दोन्ही हात पसरून उभे, "काका, अर्धा तास फक्त," आणि काका त्यांच्या हाताखालून वाकून बसमध्ये. "मधुमेह आहे मला, साहेब, तुमचा पक्ष काय जेवायला घालणार आहे?"

नितीन माझा कोट घेऊन आला. "आई, तू बसने जा. मी आणि पल्लवी मत देऊन येतो."

"मी थांबते," मी म्हटलं.

"अगं, आम्हाला मोजणी होईपर्यंत थांबायचंय, बस गेली तर जाशील कशी?"

"तेच तर," मी म्हटलं आणि खुर्चीवर बसले.

त्याने कोट माझ्या मांडीवर ठेवला. बस गेली. पुन्हा रांग, पुन्हा तीच मुलगी. या वेळी मी बोट पुढे केलं नाही. कागदावर दोनच नावं होती. मी खालच्यापुढे फुली मारली, इतकी जोरात की पेन्सिलीचं टोक मोडलं.

शीलाबाई थोडक्या मतांनी निवडून आल्या. परतताना नितीनने गाडीतला रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "आई, तू कुणाला दिलंस?"

"मतदान गुप्त असतं," मी म्हटलं. मागच्या सीटवरून पल्लवी हसली.

आता लगेच आनंदू नकोस. खऱ्या निवडणुकीत शीलाबाई पडल्या. त्यात मला मतच नव्हतं, सिटिझन नाही ना. बस अजून आलेली नाही. त्या अजून व्हॅन घेऊन येतात आणि वहीतलं ते पान दाखवून म्हणतात, लिहिलेलं आहे, आजी. मंडळात मला आता सगळे जरा लांबूनच नमस्कार करतात.

हे सगळं मी माझ्या वहीत लिहून तिथेच ठेवणार होते. पण गेल्या रविवारी फोनवर भाऊजी पंचायतीच्या यंदाच्या निकालाबद्दल सांगत होते. म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका. तुमचं नाव यादीत आहे, तुमचं मत आम्ही वाया जाऊ देत नाही." मी तिकडे नाही, आणि माझं मत दर वेळी छत्रीला पडतंय. मी फोन ठेवला आणि कणीक मळत बसले, ती इतकी मळली की चपात्या चिवट झाल्या.

शालू, आपल्या घरातली पलीकडची खोली माझीच आहे. उन्हाळ्यात येईन तेव्हा तिचं कुलूप मीच काढीन. तिथली माती, तू, आपली रोजची भांडणं, सगळं माझंच आहे. पण माझ्या नावाने तिथे दुसऱ्या कुणी राहू नये. मतदार यादीतून नाव काढायचा अर्ज नितीनने आणून दिला. मराठीत आहे, मीच भरला, सही माझी आहे. तो या पानाबरोबर पाठवते. तहसीलात तू स्वतः नेऊन दे.

भाऊजींना विचारू नकोस.