अकरावा फोटो

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते म्हणजे गल्लीतल्या एका पोरीचा फोटो काढला. त्याच्यामागून लगेच बायकोचा काढला. त्याच दिवशी दिवेलागणीला बायको गेली.

पोरगी लग्नाची होती. उमरेडच्या पाहुण्यांनी आधी फोटो पाठवा म्हटलं होतं. संक्रांत नुकती होऊन गेली होती, चारचं ऊन अंगणात तिरपं पडलं होतं. मी पोरीला उंबऱ्यावर बसवलं आणि बायको पांढरं धोतर ताणून तिच्या बाजूला उभी राहिली. हे धोतर म्हणजे आमचा दिवा. उन्हाचा उजेड त्याच्यावर आपटतो आणि माणसाच्या अंधारातल्या गालावर जातो. शहरात सदर भागातल्या स्टुडिओत ह्या कामाला छतापासून टांगलेले दिवे होते. आमच्याकडे धोतर होतं, आणि ते धरणारी होती.

“हास वं जराशी,” बायको तिला म्हणाली. “पुढं हासाले वेळ भेटते का नाही, कोणाले मालूम.”

पोरगी हसली. मी खटका दाबला.

पोरगी घरी गेल्यावर बायको म्हणाली, “अजी, रिळात एक राह्यला ना? तो माहा काढा.”

“राहू दे. उद्या कोणाचं काम निघन.”

“उद्याचं उद्या. मी लुगडं बदलून येते.”

दरवेळी मी हेच म्हणायचो आणि ती गप बसायची. त्या दिवशी बसली नाही. तोंड धुऊन, बरं लुगडं नेसून आली आणि उंबऱ्यावर टेकली. आता धोतर धरायला कोणी नव्हतं, म्हणून मी खाट उभी केली आणि तिच्यावर ते टाकलं.

“तोंड मिट. हलू नको. बोलू नको.”

ती तशीच बसली. मी खटका दाबला.

“झालं?”

“झालं.”

“इतक्याच्यासाठी वीस वर्षं लावली का तुमी?” असं म्हणून ती चहा ठेवायला आत गेली.

मी मूळचा मागावरचा माणूस. शाळा चौथीपर्यंत. बापाचा हातमाग होता, मीही धोतरं विणली. मग काम बसत गेलं. पासष्ट-सहासष्ट सालाच्या सुमारास वस्तीतला एक नोकरीवाला बदली होऊन चालला होता, त्याच्याकडून हा जुना कॅमेरा घेतला. पत्र्याचा डबा, समोर एक काच, बाजूला खटका. बाकी काही नाही. सदरचा एक स्टुडिओवाला तो माझ्या हातात पाहून हसला होता. “काय गा, टिफिन घेऊन फिरून राह्यला का?” बायको बाजूलाच होती. म्हणाली, “हो भाऊ, टिफिनच हाय. पण तुमच्या ताटापेक्षा चवदार निंघते याच्यातून.”

लोक अजून विचारतात, एवढ्याशा डब्यातून असे फोटो कसे निघायचे. त्यात काही विद्या नाही. ऊन डोक्यावर असताना माणसाला बसवायचं नाही, नाकाखाली काळी मिशी उमटते, बाईलासुद्धा. सकाळी आठ-नऊ, नाहीतर चारनंतर. दारात बसवायचं, म्हणजे मागचं घर आपोआप काळं पडतं आणि चेहरा वर येतो. काच पुसायची ती शंभरदा धुतलेल्या धोतराच्या तुकड्यानं, नव्या कापडानं नाही, नवं कापड ओरखडे काढतं. कोपर बरगडीला टेकवायचं, श्वास सोडायचा आणि मग खटका. सहा फुटांच्या आत जायचं नाही, नाहीतर चेहरा धुरकट येतो. त्याच्यासाठी मी मागाच्या सुताला सहा फुटांवर गाठ मारली होती. गाठ माझ्या हातात, दुसरं टोक बायको गिऱ्हाईकाच्या नाकाला लावायची. माणूस कितीही अकडू असो. “नाक घेऊन पळू नका जी,” म्हणायची. लोक हसायचे, अंग सैल पडायचं. निम्मा फोटो तिथंच चांगला व्हायचा. माझं नाव झालं, पण अर्धं काम तिचं होतं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

एक खोड मात्र त्या डब्याची वाईट होती. फोटो काढला की चावी फिरवून रीळ पुढं न्यावं लागायचं. नाही नेलं तर दुसरा फोटो पहिल्याच्याच अंगावर बसायचा, आणि डबा काही बोलायचा नाही. मागं लाल काचेची बारकी खिडकी होती, तिच्यात आकडा दिसायचा, एक ते बारा. मी विसरभोळा. खटका वाजला की बायको धोतराच्या मागून म्हणायची, “फिरवा.” मी फिरवायचो. इतक्या वर्षांत स्वतःच्या मनानं मी चावी फिरवली नसेल.

आम्हाला बोलावणं जास्त यायचं ते मयतीचं. तेव्हा जितेपणी कोणी फोटो काढत नसे, माणूस गेला की घरच्यांना आठवण यायची. मयताला भिंतीला टेकवून बसवायचं, हनुवटीखालून फडकं बांधायचं आणि खटका दाबायच्या आधी सोडायचं. बायको तिथंही धोतर धरायची. एकदा मौद्याकडे एका घरी फडकं सोडलं आणि म्हातारीचं तोंड उघडं पडलं. फोटो तसाच निघाला. घरच्यांनी तोच भिंतीवर लावला, दुसरा नव्हता.

त्या घरून येताना एसटीत बायको खिडकीशी बसली. मग म्हणाली, “मले असं काढू नका जी. मेल्यावर माणसाले आपलं तोंड सांभाळता येत नाही. जितेपणी काढा. मी सांभाळून बसते.”

मी हो म्हटलं. आणि ढकलत राहिलो. दर रिळात गिऱ्हाईक आधी, घरचं माणूस मागून. घरचं माणूस कुठं जातं, असं वाटायचं.

तर त्या दिवशी दिवेलागणीला ती चुलीपाशी बसली होती. छातीत दुखते म्हणाली, भिंतीला टेकली. रिक्षा येईपर्यंत संपलं. घर माणसांनी भरलं. लेक मौद्याला दिली होती, तिला सांगायला माणूस गेला, म्हणून सकाळी न्यायचं ठरलं. बायकोचा भाऊ माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, “भाऊजी, बाईचा फोटो हाय का एखांदा?”

“हाय. आजचाच हाय. कॅमेऱ्यात हाय.”

“तरी सकाळी एक काढून ठेवा. तुमचं तं घरचंच काम.”

“तिनं नाही म्हटलं हाय.”

हे मी जोरात म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. बायको आत पडली होती आणि मला बरं वाटत होतं, की निदान एक शब्द आपण वेळेत पाळला.

सकाळी लेक पहिल्या एसटीनं आली. बायांनी बायकोला आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं आणि अंगणात आणून ठेवलं. सवाष्ण गेली म्हणून बाया पाया पडत होत्या. गर्दीत कोणाचा हात लागू नये म्हणून मी कोनाड्यातून कॅमेरा काढला, रीळ खिशात ठेवू म्हटलं. मागच्या लाल खिडकीत पाहिलं. आकडा अकरा होता.

बारा पाहिजे होता. पोरीचा अकरावा, बायकोचा बारावा. पोरीचा फोटो झाला तेव्हा बायकोच्या मनात स्वतःचं लुगडं होतं, ती फिरवा म्हणाली नाही. तिचा झाला तेव्हा ती गिऱ्हाईक होती, आणि बोलू नको असं मीच तिला बजावलं होतं. दोघी एकाच जागेवर बसल्या होत्या. पुढं महिन्यानं ते रीळ धुऊन आणलं तेव्हा तसंच निघालं. चार डोळ्यांची एक बाई, आणि बायकोच्या मिटल्या तोंडावर त्या पोरीचं हसू. पोरीला मी दुसरा फोटो काढून दिला.

पण त्या सकाळी बारावा अजून कोरा होता, आणि ती अंगणात होती. आठ वाजले होते. समोरच्या चुन्याच्या भिंतीवरून उजेड परतून तिच्या तोंडावर पडला होता. धोतराची गरज नव्हती. तोंड नीट मिटलेलं होतं, फडकंही लागलं नसतं. इतका चांगला उजेड मला गिऱ्हाईकासाठी कधी भेटला नाही. मी कॅमेरा घेऊन गेलो आणि सहा फुटांवर उभा राहिलो. लोक बाजूला सरले. मी चावी फिरवली. बारा आला.

लेक रडत होती, ती थांबली. “काढा बाबा,” म्हणाली. “मले पाहिजे.”

“कालचा हाय ना माय.”

“तो कसा आला, कोणाले मालूम? हा एक राहू द्या.”

“चांगला आला. तोंड मिटून बसली होती तुही माय. एकदम नीट.”

“नक्की ना बाबा?”

“नक्की.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग आईच्या पायापाशी जाऊन बसली. बायकोचा भाऊ म्हणाला, “अजूनही काढा भाऊजी, काहून हट्ट करून राह्यले?”

मी चावी फिरवली. बारावा न काढताच पुढं गेला. रिळामागचा कागद संपेपर्यंत फिरवत राहिलो. मग झाकण उघडून रीळ काढलं, कागदाचं टोक जिभेनं ओलं करून चिकटवलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

“उचला,” मी म्हटलं.