राखीव निधीचा ठराव आणि काकांची सही

सभेचं इतिवृत्त मी पुण्यात, आईच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या फोनवर वाचलं. इमारतीचा राखीव निधी वाढवण्याचा ठराव एकमताने फेटाळला होता. ठराव माझाच होता. एकमताने, म्हणजे माझं मतही माझ्याच विरोधात पडलं होतं.

जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या आमच्या इमारतीत फ्लॅटमालकांची वर्षातून एकदा सभा होते. ज्याला जमत नाही तो आपलं फोलमाख्ट, म्हणजे मतदानाचं अधिकारपत्र, दुसऱ्याला देतो. आम्ही मराठी कुटुंबं ते डोळे मिटून तळमजल्यावरच्या काकांना द्यायचो. गाडीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, इथे सगळ्यांच्या आधी आलेले. आपल्यातल्या मोठ्या माणसाला ‘मत कुठे टाकणार?’ असं कोण विचारतं? बाबांच्या आजारपणामुळे अचानक निघावं लागलं, तेव्हा मीही सही करून त्यांच्या हातात कागद दिला.

मी सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते. छत जुनं झालंय, मुलीच्या खोलीत गळतं. निधीत छतापुरते पैसे नाहीत. सगळ्यांनी दरमहा थोडी भर घालावी, एवढंच माझं म्हणणं.

परत आल्यावर बॅगा तशाच ठेवून काकांची बेल वाजवली.

“काका, माझं मत माझ्याच विरोधात टाकलंत?”

“अगं, सगळ्यांचा विचार करावा लागतो. एक बादली ठेव तिथे. माझ्याकडे जास्तीची आहे, देऊ का?” आणि हसले.

नवरा म्हणाला, “जाऊ दे ना, मोठे आहेत.” त्याच आठवड्यात मुलगी खोलीतून ओरडली, “एस ट्रॉप्फ्ट!” पाणी गळत होतं, टपटप थेट तिच्या उशीवर. मी जाऊ दिलं नाही.

छतवाल्याकडून खर्चाचा अंदाज घेतला. मग एकेका घराला चहाला बोलावलं, दिवाणखान्यात नाही, मुलीच्या खोलीत, ओल्या भिंतीला टेकलेल्या खुर्चीवर. दुसऱ्या मजल्यावरची मैत्रीण चहा पिता पिता म्हणाली, “पण काकांना काय वाटेल गं?”

“वाटू दे. उद्या पाणी तुझ्या ओट्यावर आलं की त्यांनाच बोलाव पुसायला.”

तिने माझ्या नावाच्या अधिकारपत्रावर सही केली. बाकीच्यांनीही केली. काकांना कुणी काही बोललं नाही, कारण मी तसं बजावलं होतं.

पुढच्या वर्षीच्या सभेला काका इस्त्रीचा शर्ट घालून रुबाबात आले. इमारतीच्या व्यवस्थापकाने अधिकारपत्रं मागितली तेव्हा मी माझा गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला. तो एकेक पान तपासत “गेनाऊ, गेनाऊ”, म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत गेला आणि काकांचा चेहरा उतरत गेला.

“मला आधी सांगायचंस तरी!”

“सांगितलं असतं तर तुम्ही घरोघरी फिरला असतात.”

ठराव मंजूर झाला. इतिवृत्तावर मालकांच्या समितीच्या अध्यक्षाची सही लागते, आणि अध्यक्ष काकाच.

“चष्मा घरी राहिलाय. उद्या करतो.”

“मी वाचते ना.”

आणि वाचलं. आधी जर्मनमध्ये, मग, त्यांना सगळं समजलेलं असूनही, मराठीत. पेन मीच पुढे केलं. ते सही करायला वाकले. मी म्हटलं, “थांबा काका, विरोधातली मतं वाचायची राहिली.” विरोधात एकच मत होतं. तेही वाचलं, सावकाश.