ताडावरचं रॉकेट आणि मामाची मडकी

आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. हे मी कुणी न विचारताही सांगते आणि पुढेही सांगेन. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची गोष्टही सांगते, फक्त मधला भाग गाळून. तो आज लिहिते.

आम्ही चौघांनी हातभर लांबीचं रॉकेट बनवलं होतं. त्याच्या पोटात उंची मोजणारं छोटं यंत्र. त्यातला आकडा दाखवला तर प्रोजेक्ट पूर्ण, नाहीतर वर्षभराची मेहनत फुकट. आगाशीहून अर्नाळ्याकडे जाताना मोकळं मैदान लागतं, तिथून सकाळी उडवलं. गेलं झकास. पॅराशूटही उघडलं, आणि रॉकेट तरंगत जाऊन शेजारच्या वाडीतल्या ताडाच्या शेंड्यात बसलं.

बांबू पुरेना. मग एकाने दगड उचलला.

त्या ताडाला ताडीची मडकी बांधलेली होती. त्यांच्या गळ्याला निळी नायलॉनची दोरी, होडीवरची जुनी. आमच्या भागात तसली दोरी माझा मामा एकटाच वापरतो, बाकीचे काथ्याने बांधतात. म्हणजे मडकी कुणाची, हे मला खालूनच कळलं होतं. दगड लागला तर नुसतं मडकं जात नाही, हेही माहीत होतं. ताडी ज्या दांड्यातून गळते तो ठेचला की त्या हंगामापुरता संपला. लहानपणी मामानेच दाखवलं होतं.

पण बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, तुला गं कसं माहीत? कॉलेजात मी 'मामा शेती करतो' एवढंच सांगून ठेवलं होतं. म्हणून गप्प राहिले. दोन मडकी फुटली. रॉकेट जागचं हललं नाही.

आवाज ऐकून मामा वाडीतून आला. कमरेला कोयता, अंगात बनियन, छातीवर झाड घासून पडलेले काळे घट्टे.

"कोन हाय रे? झाड तुमच्या बापानं लावलंय काय?"

मग जवळ आला, मला बघितलं आणि थांबला.

"सॉरी काका," माझी मैत्रीण म्हणाली. "आमचं रॉकेट अडकलंय वर. कॉलेजचं आहे. प्लीज काढून द्या ना."

मामा माझ्याकडेच बघत होता. मी काहीतरी बोलावं म्हणून. मी बोललेही.

"हो ना काका, द्या ना काढून."

काका. जन्मात पहिल्यांदा मी त्याला तसं म्हटलं.

त्याने पायांत दोरीचं वेटोळं अडकवलं आणि चढला. उतरताना दोन्ही हात झाडाला लागतात, म्हणून पॅराशूटच्या दोऱ्या दातांत धरून आणल्या. रॉकेटचा एक पंखसुद्धा मोडला नव्हता.

"काका, आमच्या रॉकेटपेक्षा तुमचंच लॉन्चिंग भारी," आमच्यातला एक म्हणाला. सगळे हसले. मीही हसले.

मामाने रॉकेट माझ्या हातात दिलं. "बगून घ्या मॅडम. काय तुटलंय काय?"

घरात तो मला बाय म्हणतो.

"नाही," मी म्हणाले. आभारसुद्धा मैत्रिणीनेच मानले. आम्ही यंत्रातला आकडा वाचायला घोळका केला, तेव्हा मामा वाकून खापरं गोळा करत होता. एकटाच.

संध्याकाळी जेवायला बसले तेव्हा आई म्हणाली, "मामा येऊन गेला तुझा. दोन मडकी पडली म्हने वाऱ्यानं. दांडा पन गेला एक."

तेव्हा सांगता आलं असतं. आई ओरडली असती, हाताला धरून मामाकडे घेऊन गेली असती, आणि मिटलं असतं.

"आज कुठं होता एवढा वारा?" ती आमटी वाढता वाढता म्हणाली.

"खाली कळत नाही," मी म्हणाले. "वर असतो."