सायप्रसच्या घाटातली मोठी मामा

भिवंडीच्या निजामपुऱ्यातले पुरुष कुवेत, दुबई, बहारीन करत. बायका मागे राहत आणि पोरं वाढवत. म्हणून मेहरुन्निसाने एका दुपारी आपल्या नणंदेला, खुर्शीदला, "मी बहारीनला जातंय," असं सांगितलं, तेव्हा खुर्शीदच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"तू? नि भाईजान?"

"त्यांना आता कोण नेतंय?"

खरंच होतं ते. तिचा नवरा गुलाम हुसेन लूमवर जॉबर होता, माग दुरुस्त करायचा. बिघडलेला लूम नुसत्या आवाजावरून ओळखायचा. पण चालत्या लूममधून धोटा उडाला आणि उजव्या डोळ्यावर बसला. डोळा गेला, मग कामही गेलं. घर तर चालायला हवं. बहारीनच्या एका घरात अर्धांग झालेल्या म्हातारीची देखभाल करायला बाई हवी होती. पोरीला, इशरतला, नवऱ्याच्या आणि नणंदेच्या हवाली करून मेहरुन्निसा विमानात बसली. तोवर ती कधी कल्याणच्या पलीकडे गेली नव्हती.

म्हातारीचं नाव उम्म जासिम, पण घरातली नोकरमंडळी तिला मोठी मामा, म्हणजे मोठी आई, म्हणत. डावी बाजू लुळी, डाव्या हाताची मूठ कायमची आवळलेली आणि जीभ मात्र धारदार. पहिल्याच दिवशी तिने भाताची ताटली भिरकावली. मेहरुन्निसाने मुकाट्याने भात गोळा केला आणि संध्याकाळी तांदळाची भाकरी थापून दुधात कुस्करून दिली. म्हातारीने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि तिसऱ्यासाठी तोंड उघडून बसली. तिथून दोघींचं जुळलं. एकीची अरबी, दुसरीची हिंदी आणि मध्ये हातवारे, असा त्यांचा संसार चालू झाला.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात जासिमने, म्हातारीच्या मुलाने, सुट्टीला सायप्रसला जायचं ठरवलं. बेटावर मोटार भाड्याने घ्यायची आणि समुद्राकाठाने फिरत फिरत डोंगरात बर्फ बघायला जायचं. आईला नेणं शक्य नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. म्हातारी काठी आपटून म्हणाली, "मी काय या भिंतीकडे बघत मरू?" मग तिला न्यायचंच ठरलं, आणि तिच्यासोबत अर्थातच मेहरुन्निसाला.

लार्नाकाच्या विमानतळाबाहेर आल्याबरोबर मेहरुन्निसाला एका गोष्टीचं नवल वाटलं. इथे गाड्या आपल्याकडल्यासारख्या डाव्या बाजूने चालत होत्या. बहारीनमध्ये उजवीकडून चालणाऱ्या गाड्या बघून तिचा जीव नेहमी टांगणीला लागे. मोठी सात जणांची गाडी जासिम स्वतः चालवत होता. शेजारी त्याची बायको नूरा, मधल्या सीटवर दोन मुलगे, मागे म्हातारी आणि मेहरुन्निसा, आणि म्हातारीच्या पलीकडे धाकटी मुलगी शेखा. एका बाजूला निळाशार समुद्र, दुसरीकडे संत्र्यांनी लगडलेल्या बागा. जानेवारी असूनही दुपारचं ऊन अंगाला गोड लागत होतं. रस्त्याकाठच्या एका बाईकडून जासिमने संत्री घेतली. मेहरुन्निसा फोडी सोलून म्हातारीच्या तोंडात घालत होती, आणि रस हनुवटीवरून ओघळला की म्हातारी पोरीसारखी हसत होती. दोन दिवस असेच गेले. आपण कामावर आहोत हे मेहरुन्निसाही विसरून गेली.

तिसऱ्या दिवशी गाडी डोंगराला लागली. वर बर्फ होतं. मुलं ओरडत बाहेर पळाली. मेहरुन्निसा गाडीच्या दारात उभी राहून बघत राहिली. सगळं इतकं पांढरं होतं, की तिला कुणाच्या तरी घरातली चादर अंगणात अंथरल्यासारखी वाटली. जासिमने ओंजळभर बर्फ आणून आईच्या उजव्या हातावर ठेवलं. म्हातारीने ते गालाला लावलं आणि म्हणाली, "बरद! बरद!" म्हणजे थंड, थंड. मग ती इतकी खळाळून हसली, की जासिमचे डोळे भरून आले.

उतरताना पाऊण तास घाट होता. मुलं गात होती, शेखाला झोप लागली होती. म्हातारीचं डोकं मेहरुन्निसाच्या खांद्यावर कलंडलं. दमली असेल, तिला वाटलं. तिने म्हातारीचा हात हातात घेतला. गार लागला. बर्फाने गारठला असेल, म्हणून ती चोळत राहिली. चोळता चोळता तिच्या लक्षात आलं, की खांद्यावर श्वास लागत नाही.

तिने नाकासमोर बोट धरलं. मग म्हातारीचा खालचा जबडा जरासा सुटला.

लहानपणी आई गेली, तेव्हा ती मागच्या दाराने शेजाऱ्यांकडे पळाली होती. आईचं तोंडही तिने पाहिलं नव्हतं. मुडद्याची तिला तेव्हापासूनच भीती. आणि आता मुडदा तिच्या खांद्यावर होता, एका बाजूला गाडीचं दार, म्हातारीच्या पलीकडे झोपलेली पोर. किंचाळली तर मुलं घाबरतील.

"बाबा, गाडी रोको," ती कशीबशी जासिमला म्हणाली.

"बाथरूम? आगे गाँव में," जासिम म्हणाला आणि पुढे बघत राहिला.

पुढलं वळण आलं. म्हातारीचं डोकं घसरलं. तिने ते दोन्ही हातांनी धरून पुन्हा खांद्याशी घेतलं.

"रोको!" या वेळी तिचा आवाज असा निघाला, की मुलांचं गाणं थांबलं. जासिमने पाइनच्या झाडांखाली गाडी लावली आणि मागे वळून बघितलं. आधी आईकडे, मग मेहरुन्निसाकडे. तिने नुसती मान हलवली.

तो खाली उतरला. बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभा राहिला, आणि मग रस्त्याकाठच्या बर्फात बसकण मारली. नूराने डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढला. मोठा मुलगा विचारू लागला, "आजीला काय झालं?" बऱ्याच वेळाने जासिम आला, खिडकीशी वाकला आणि मुलांना म्हणाला, "आजी झोपलीय." मग हिंदीत, "मेहरू, तुम ऐसे ही बैठो।"

आणि मेहरुन्निसा तशीच बसली. डोंगर संपला, द्राक्षांचे मळे गेले, समुद्र दिसू लागला, तरी ती हलली नाही. खांदा सुन्न झाला होता. भीती कधी गेली, तिला कळलं नाही. एवढंच वाटत होतं, की म्हातारी झोपलीय असं मुलांना वाटायला हवं.

लार्नाकातल्या जुन्या मशिदीत इमाम भेटले. जासिम म्हणाला, "आई म्हणायची, जिथे दम निघेल तिथेच माती द्या." पण गुसल, म्हणजे दफनाआधीची आंघोळ, द्यायला बाई हवी, आणि इमामांच्या ओळखीची एकुलती एक बाई परगावी गेलेली. नूरा रडत म्हणाली, "माझ्याच्याने होणार नाही." सगळे मेहरुन्निसाकडे बघू लागले.

"तुमको आता है?" जासिमने विचारलं.

"आता है," ती म्हणाली. आपण हे काय बोलून बसलो, म्हणून तिचं तिलाच हादरल्यासारखं झालं.

पडद्यापलीकडे इमाम उभे राहून एकेक पायरी सांगत होते. आधी उजवी बाजू, मग डावी. नूरा पाणी ओतत होती. मेहरुन्निसा हात चालवत होती. डाव्या हाताची मूठ अर्धांग झाल्यापासून कधी उघडली नव्हती. कोमट पाणी पडत राहिलं तशी ती थोडी सैल झाली, आणि आत तळव्यावर नखांचे जुने, खोल व्रण दिसले. इतकी वर्षं म्हातारी स्वतःच्याच नखांनी टोचली जात होती आणि कुणाला बोलली नव्हती. रोज तिला भरवणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या मेहरुन्निसालाही ते माहीत नव्हतं. तिथे तिला हुंदका आवरला नाही.

दफन झालं. दुसऱ्या सकाळी जासिमने गाडी बाहेर काढली आणि उरलेला समुद्रकिनारा पुरा करू म्हणाला. मेहरुन्निसाला आपल्या कानांवर विश्वास बसेना. माती ओली आहे अजून! पण तो खाली बघत म्हणाला, "भिंतीकडे बघत बसायचं नव्हतं तिला." मागच्या सीटवर शेखा तिच्या मांडीवर आली. संत्री कुणी घेतली नाहीत.

म्हातारीच नाही तर बाईचं काय काम? महिन्याभरात ती भिवंडीत परतली. गुलाम हुसेनला सगळं सांगितलं, तेव्हा तो तिच्या हातांकडे बघत राहिला.

"तू मुडद्याला हात लावलास?"

"लावला."

त्या रात्री तो वेगळा बसून जेवला.

पुढल्या हिवाळ्यात शेलार गावाच्या वाटेवरल्या चाळीत उत्तरेकडल्या एका लूम कामगाराची बायको बाळंतपणात गेली. गुसल द्यायला नात्याची एकही बाई इथे नव्हती. निरोप आला तशी मेहरुन्निसा चपला घालून निघाली. खुर्शीद म्हणाली, "अगो, ती आपली कोण?" ती म्हणाली, "कोण न्हाय, म्हणून तर जातंय." मग टेमघरातून बोलावणं आलं, मग आणखी कुठून. नव्वदचं दशक सरता सरता, जिचं कुणी नाही तिच्यासाठी निजामपुऱ्यात माणसं थेट मेहरुन्निसाचंच दार ठोठावू लागली. भीती पुरती गेली, असं ती कधी म्हणाली नाही. पहिला तांब्या ओतताना हात अजून कापतो, म्हणायची.

एकदा अशीच गुसल देऊन परतली, तर मोरीत ऊन पाण्याची बादली आणि धुतलेली साडी ठेवलेली. गुलाम हुसेन चुलीपाशी बसून, एका डोळ्यावर धूर झेलत, दुसरी बादली तापवत होता.

"आंघोळ कर," तो म्हणाला. "मग दोघं जेवू."